दादासाहेब छापाची वीट

चंद्रभागेने वीट छातीच्या उंचीपर्यंत उचलली आणि हात सोडले. वीट भुईवर आपटली, एकदा कोलांटली आणि एकही कोपरा न झडता ढिगाच्या कडेला जाऊन बसली. तिने ती उचलून चारही कडांवरून अंगठा फिरवला, दुसरी वीट घेतली आणि दोन्ही एकमेकींवर वाजवल्या. काशाच्या थाळीसारखा आवाज उठला आणि गोदावरीच्या पात्रावरून पलीकडे गेला.

"वा!" खंडेराव निकम म्हणाले. "देवळातली घंटाच की!"

"आत चीर असती तर बद्द वाजली असती," चंद्रभागा म्हणाली. "यातून कळतं ते एवढंच."

खंडेराव कन्या वसतिगृह समितीचे चिटणीस होते. पेठ, सुरगाणा, देवळा या भागांतून नाशिकला शिकायला येऊ पाहणाऱ्या मुलींना राहायला जागा नव्हती, म्हणून समिती गेली तीन वर्षे झटत होती. इमारतीचा पाया भरून झाला होता आणि आता भिंतींना विटा हव्या होत्या. विटा टाकळीच्या पुढच्या या भट्टीवरून घ्यायच्या ठरल्या होत्या आणि भट्टी चंद्रभागेच्या वडिलांची, कोंडाजी शेजवळांची होती.

चंद्रभागा सरकारी प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक होती. नमुन्यांचे काम तिच्याकडे आले, तेव्हा 'पुरवठादार माझे वडील आहेत' असे तिने साहेबांना लेखी कळवले होते. साहेबांनी कागद वाचून परत दिला. "मग नमुने तुम्हीच निवडा," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला तुमच्या वडिलांची भीड पडेल. तुम्हाला पडणार नाही. यंत्रावरचा आकडा मात्र मी वाचीन."

साहेबांचा अंदाज बरोबर होता. तिने ढिगाच्या वरच्या थराला हातही लावला नव्हता. मजुरांकडून मधला भाग उपसून घेतला होता.

फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून कोंडाजी हे पाहत होते.

"वरल्या घे की चंद्रे. वरल्या बी त्याच भट्टीच्या हायेत."

"वरच्या तुम्ही रचल्यात, आबा."

खंडेराव खो खो हसले. कोंडाजी हसले नाहीत, पण टोपी नीट करण्याच्या निमित्ताने त्यांनी तोंड फिरवले. आपली लेक आपल्यालाच सवलत देत नाही, ही गोष्ट त्यांनी पुढे आठवडाभर टाकळीच्या चहाच्या टपरीवर तक्रार म्हणून सांगितली. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ती तक्रार वाटली नाही.

निवडलेल्या विटा मजूर पोत्यात भरू लागला. प्रत्येक विटेच्या एका अंगाला बोटाच्या पेराएवढी खोल, लांबट खाच होती आणि खाचेच्या तळाशी उठावाची अक्षरे होती: दादासाहेब.

खंडेरावांनी एक वीट हातात घेतली, अक्षरांवर बोट ठेवले आणि घसा खाकरला.

"कोंडाजीराव, एक अडचण आहे. अनुदान मंजूर झालं."

"ही अडचण?"

"ते मिळवून दिलं आमदारसाहेबांनी. तेव्हा वसतिगृहाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरतंय. कैलासवासी रंगनाथराव."

"ठरतंय का ठरलं?"

"अनुदान आलं म्हणजे ठरलंच."

"गेल्या साली सभेत दादासाहेब गायकवाडांचं नाव जाहीर केलं होतं," चंद्रभागा म्हणाली. "तुम्हीच केलं होतं."

"मीच," खंडेराव म्हणाले. "टाळ्याही मीच घेतल्या." त्यांनी हातातली वीट खाली ठेवली. "आता दारावर एक नाव आणि भिंतीत दुसरं. गिलावा व्हायच्या आधी आमदारसाहेब काम पाहायला आले तर उगाच बोभाटा होईल. तुमच्याकडे तो दुसरा साचा आहे ना? बिननावाचा?"

मजुराचा पोत्यावरचा हात थांबला.

दुसरा साचा होता. दादासाहेबांचे नाव असलेली वीट पायाखाली जाता कामा नये, हा कोंडाजींचा पहिल्यापासूनचा दंडक होता. ती फरशीखाली घालायची नाही, गटाराला वापरायची नाही, संडासाला तर नाहीच. त्या कामांसाठी त्यांनी एक सपाट साचा वेगळा करून घेतला होता. त्यात खाच नव्हती आणि अक्षरही नव्हते. भट्टीवरचे मजूर त्याला सरळ 'संडासाचा साचा' म्हणत.

कोंडाजींनी हाताला लागलेली माती धोतराला पुसली.

"हाय," ते म्हणाले. "देऊ पाडून."

खंडेरावांची राजदूत मोटारसायकल धुरळा उडवत रस्त्याला लागली, तशी चंद्रभागा वडिलांकडे वळली.

"आबा, मुलींचं वसतिगृह. संडासाच्या साच्यातून?"

"माती तीच, आग तीच. साच्यानं काय व्हतंय?"

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटून काय करू?" त्यांनी फावडे उचलले. "पाटीचं काय, आज ह्येची, उद्या त्येची. पेठंच्या पोरी नातलगाच्या पडवीत निजून शिकत्यात. त्या आत गेल्या पाह्यजेत. अन् तूच म्हणतीस ना? नावानं का इट पक्की व्हती?"

वाक्य तिचेच होते.

पाच वर्षे ती ते म्हणत आली होती. दादासाहेब जाऊन दोन वर्षे होत आली तेव्हा, १९७३ च्या दिवाळीनंतर, कोंडाजींनी ही भट्टी घातली. भूमिहीनांच्या सत्याग्रहात ते दादासाहेबांच्या मागोमाग तुरुंगात गेले होते. त्या माणसाचे नाव द्यायचे तर पाटीवर रंगवून भागणार नाही, ते प्रत्येक विटेवर हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. जुन्या नाशकातल्या ज्या सुताराला काम दिले, तो पोळपाट, पाळणे आणि पाट करणारा. विटेचा साचा त्याने कधी केला नव्हता. त्याने साच्याच्या तळाच्या ठोकळ्यावर 'दादासाहेब' अशी घोटीव, देखणी अक्षरे कोरली. ज्याने पाहिली त्याने वाखाणली. विटा पाडणाऱ्या मजुरांना वाचता येत नव्हते. भट्टी निवून उघडली, तेव्हा साऱ्या विटांवर नाव उलटे उठले होते.

शेजारचे भट्टीवाले पाहायला आले. "कोंडाजी, ही इट काय आरशात बघून लावायची?" असे एकाने विचारले. कोंडाजी म्हणाले, "उलटं का व्हईना, नाव त्यांचंच हाय."

पण गिऱ्हाईक ती वीट घेईना. कोंडाजींना ती फोडवेना, कारण नाव होते. आणि पायाखाली तर घालायची नव्हतीच. चंद्रभागा तेव्हा पुण्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. नाताळच्या सुटीत आली तेव्हा तिने सुताराला बोलावून समजावले की छाप नेहमी उलटाच पडतो, साच्यावर उलटे कोरले तर विटेवर सरळ येते. पुढच्या आठवड्यात नवा साचा आला. उलट्या विटा मात्र तशाच रचून पडल्या. शेवटी कोंडाजींनी त्या बैलगाडीने वसाहतीतल्या आपल्या जागेवर नेल्या आणि त्याच विटांचे दोन खोल्यांचे घर बांधले. दुसऱ्याला देता येत नाहीत अशा विटा आपल्या घराला लावायला कोणाची हरकत नसते.

नाव आणि विटेची ताकद यांचा परस्परसंबंध नाही, हे तिने वडिलांना तेव्हाच सांगितले होते. पुढे नोकरीला लागल्यावर तिला यात एक दुरुस्ती करावी लागली. आसपासच्या भट्ट्यांपेक्षा वडिलांची वीट खरोखर सरस भरत होती. कारण गूढ नव्हते. इतर भट्टीवाले कमी भाजलेली पिवळट वीट स्वस्तात विकून टाकत. कोंडाजी ती विकत नसत. नाव पुसेपर्यंत तिचा भुगा करून तो पुढच्या मातीत कालवत. "त्यांच्या नावावर कच्चा माल?" एवढेच ते म्हणत. नावामुळे वीट पक्की होत नव्हती. कच्ची वीट बाहेर जात नव्हती. ही दुरुस्ती तिने मनाशी केली होती. वडिलांना सांगायचे राहून गेले होते.

नमुन्यांची तयारी प्रयोगशाळेत सुरू झाली. चाचणीपूर्वी विटेची खाच वाळू-सिमेंटच्या मालाने काठोकाठ भरतात, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. मग वीट ओल्या गोणपाटाखाली आणि त्यानंतर पाण्यात ठेवतात. हे काम भिकनचे. तो सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा, यंत्रशाळेतला मदतनीस. थापीने माल भरताना तो अक्षरे एकेक करून मिटताना पाहत होता.

"ताई, नाव बुजी गयं," तो म्हणाला.

"बुजायलाच हवं. नीट दाब, पोकळी राहू देऊ नको."

विटा पाण्यात होत्या, तेव्हाच खंडेराव प्रयोगशाळेत आले. त्यांच्या पिशवीत सपाट साच्याच्या दोन विटा होत्या.

"याही तपासून टाका ताई. आता याच लावायच्या आहेत."

चंद्रभागेने पट्टीने लांबी, रुंदी, जाडी मोजली. विटा चांगल्या होत्या. माती तीच होती, आग तीच होती. तिने पट्टी खाली ठेवली.

"यांना खाच नाही."

"नसेना. वीट तर आहे?"

"खाचेत माल भरतो आणि दोन थर एकमेकांना धरून राहतात. निविदेत तुम्ही विटांच्या मानकाचा क्रमांक घातला आहे. या जाडीच्या हाताने पाडलेल्या विटेला त्या मानकात खाच लागते."

"बरं. मग खाच पाडायला सांगतो. आत काही नको."

"खाचेत निर्मात्याची खूण हवी. तेही मानकातच आहे."

खंडेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाहिले. चंद्रभागेने नजर हलवली नाही. नियम तिने केलेला नव्हता आणि ती सांगत होती त्यातला शब्दही खोटा नव्हता. तरी दुसऱ्या भट्ट्यांच्या विटांना आपण हा नियम इतक्या काटेकोरपणे लावतो का, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला. खाचेचा, हो. खुणेचा, दर वेळी नाही. उत्तर प्रामाणिक होते आणि तिला ते फारसे आवडले नाही. पण ते तिच्या तोंडून बाहेरही आले नाही.

"खूण म्हणजे एखादं अक्षर चालेल ना?" खंडेराव म्हणाले. "कोंडाजींचा 'को'?"

"चालेल. पण त्या भट्टीची खूण पाच वर्षं हीच आहे. बदलायची तर नवा साचा, नव्या विटा, नवी भट्टी, नवे नमुने. मग पुन्हा चाचणी."

"आणि अनुदान मार्चअखेर खर्ची पडलं नाही, तर परत."

"ते तुम्हाला ठाऊक."

खिडकीबाहेर ट्रकमधून खडी उतरवत होते. आवाज थांबल्यावर खंडेरावांनी खुर्ची पुढे ओढली.

"माझी बहीण हुशार होती ताई," ते म्हणाले. "देवळ्याच्या शाळेत पहिली यायची. इथं राहायला जागा नाही म्हणून बसली घरी. आता सासरी कांद्याच्या चाळी सांभाळते. पाटीवर कोणाचंही नाव घाला, पण भिंती उभ्या करा, असं मी म्हटलं ते त्यासाठी. दादासाहेबांचा मान मला नाही, असं समजू नका."

"नाही समजत. आबांनीही म्हणूनच हो म्हटलं."

"ते हो म्हणाले आणि तुम्ही अडवता! पोरगी बापाच्या वरताण निघाली." ते हसले आणि सपाट विटा पुन्हा पिशवीत भरू लागले. दुसरी वीट आत टाकण्यापूर्वी त्यांचा हात थांबला. "नाही तरी, भिंतीला गिलावा तर होणारच आहे."

"होणारच आहे," चंद्रभागा म्हणाली. "आतून आणि बाहेरून."

"मग कोण बघतंय!"

"कोणीच नाही."

खंडेरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ती जरा जास्तच वेळ नीट केली. "छापाचीच पाठवायला सांगतो," ते म्हणाले.

चाचणीच्या दिवशी आकडा वाचायला साहेब स्वतः उभे राहिले. भिकनने वीट दाबयंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवली आणि दाब चढवत नेला. काटा सरकू लागला. चंद्रभागा यंत्राला पाठ करून टेबलाशी उभी होती. मोजणारा आणि ज्याचा माल मोजायचा तो, यांत अंतर असावे, असे ती मानत असे. आज ते अंतर तिच्या बोटांना पटत नव्हते. ती पेनाचे टोपण काढत होती, घालत होती.

मानकाला लागणारा आकडा काट्याने ओलांडला. यंत्राचा घरघराट चालूच राहिला. साहेब "हं" म्हणाले. आणखी काही वेळाने पुन्हा "हं" म्हणाले. मग सुरुंगाला शोभेल असा आवाज करून वीट फुटली.

"जवळजवळ दुप्पट," साहेब म्हणाले. "मिस शेजवळ, वडिलांना विचारा, मातीत काय घालतात?"

"कच्च्या विटांचा भुगा, सर."

"आणखी?"

"आणखी काही नाही," ती म्हणाली आणि टोपण एकदाचे बंद केले.

बाकीचे नमुनेही त्याच पंगतीत बसले. साहेब गेल्यावर भिकन तुकडे झाडून गोळा करू लागला. मध्येच तो वाकला आणि ढिगातून काहीतरी अलगद उचलून घेऊन आला. वीट भोवतीने फुटून गळून पडली होती, पण खाचेत भरलेला माल वडीसारखा अखंड सुटला होता.

"ताई, याम्हां बी नाव शे," तो म्हणाला. "पन उलटं शे."

तिने वडी हातात घेतली. करड्या पृष्ठभागावर अक्षरे खोल उमटली होती, एकही तुटले नव्हते. विटेवर नाव सरळ, म्हणून मालात उलटे. यात नवल काहीच नव्हते. छाप उलटाच पडतो, हे तिनेच एकदा एका सुताराला समजावले होते.

ती वडी खाली ठेवणार होती. ठेवता ठेवता तिचा हात थबकला.

भिकनने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्याने विचारले, "ताई, बरं नही वाटस का?"

"मी मूर्ख आहे रे," चंद्रभागा म्हणाली, पण ज्या आवाजात ती म्हणाली त्यावरून भिकनला ती खूश आहे असे वाटले. "इतकी वर्षं मी त्या घरात राहते."

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा कोंडाजी अंगणात हातपाय धूत होते. आत सुलाबाई, तिची आई, भाकरी थापत होती. घराला बाहेरून गिलावा नव्हता. तांबड्या विटांचे थर आणि त्यांमधल्या मालाच्या करड्या रेघा उतरत्या उन्हात स्वच्छ दिसत होत्या.

"खंडेराव यिऊन गेले," कोंडाजी म्हणाले. "म्हणले, छापाचीच द्या. तुमची लेक कायद्यावर बोट ठिवून बसली म्हणले."

"मानकावर."

"तेच ते." त्यांनी तोंडावर पाण्याचा हबका मारला. "अन् इट?"

"जवळजवळ दुप्पट दाबाला फुटली."

कोंडाजींनी पंचा तोंडावर घेतला आणि तोंड पुसायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ तो तिथेच धरला.

"तू तर म्हणायचीस, नावानं..."

"अजूनही म्हणते. नावानं वीट पक्की होत नाही."

"मंग कशापायी भांडलीस?"

चंद्रभागेने पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "खाचेतला माल आहे. वीट फुटली, हा राहिला. वाचा."

कोंडाजींनी ती उजेडाकडे धरली. "उलटं हाय."

"विटेवर सरळ होतं, म्हणून मालात उलटं उठलं."

कोंडाजी वडीकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, जणू ते मनातल्या मनात साचा विटेवर आणि वीट मालावर ठेवून बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि घराच्या भिंतीकडे पाहिले.

"म्हंजी ज्या इटंवर उलटं, तिच्यातल्या मालात सरळ..."

"हो."

ते भिंतीशी गेले. दोन थरांमधल्या करड्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवले, कोपऱ्यापासून दारापर्यंत. मग त्याच्या खालच्या रेघेवरून. आतून सुलाबाईने भाकरी निवतेय म्हणून हाक दिली. कोणी हलले नाही.

"समद्या घरात?" कोंडाजींनी विचारले.

"माल नीट भरला असेल तर."

"म्या सोता भरलाय." त्यांनी कोनाड्यातली छिन्नी आणि हातोडी उचलली. त्यांचे डोळे लहान मुलासारखे लकाकत होते. "काढून बघू का एक? म्होरली नाय, मागल्या अंगाची. तुझी खातरी व्हईल."

चंद्रभागेने भिंतीकडे पाहिले. पुरावा एक वीटभर अंतरावर होता.

"नको, आबा," ती म्हणाली. "राहू द्या."